जनूभाऊंचे चार मजले

जनूभाऊंना मी जे सांगितलं ते सांगायला हवं होतं की नको होतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. ते जाऊन आता दोन वर्षं होतील. आमच्या वाडीतली सुपारी उतरवायला हल्ली दुसरा माणूस येतो. काम चोख आहे त्याचं, पण झाडावर चढला की खिशातल्या मोबाइलवर गाणी लावतो. जनूभाऊ वर असले की वाडीत फक्त घड तुटल्याचा आवाज यायचा. बत्तीस वर्षं मी हायस्कुलात भूगोल शिकवला, शेकडो वह्यांमधल्या चुका लाल शाईने दुरुस्त केल्या आणि निवांत झोपले. एका माणसाची एकच चूक दुरुस्त केली, तर ती अजून मला झोंबते आहे.

जनूभाऊ पाडेली होते. दिवेआगरात नारळ-सुपारी उतरवणाऱ्याला पाडेली म्हणतात आणि ज्याच्या घरी वाडी आहे तो पाडेल्याशी भांडण करत नाही. अंगाने काडी, तळवे आतल्या बाजूला वळलेले, जमिनीवर चालताना असे बिचकत चालायचे की या माणसाला सपाट जागेचं वावडं आहे असं वाटावं. पायात काथ्याचं वळं अडकवून पहिल्या पोफळीवर चढायचे आणि मग सकाळभर खाली उतरायचेच नाहीत. चढलेल्या पोफळीला झोका द्यायचा, शेजारची हाताला लागली की तिच्यावर जायचं, तिथून तिसरी. मी खालून डोळे मिटून घ्यायची. "खाली बघू ने, बाई," ते वरून मला सांगायचे, जणू मीच वर होते.

सगळा जन्म सुपारीत गेला, पण सुपारीचं खांड त्यांनी कधी तोंडात टाकलं नाही. लग्नकार्यात विड्याचं तबक समोर आलं की हात जोडायचे. ज्याच्यावर चढायचं त्याला चावायचं कशाला, असं त्यांचं म्हणणं. आमचे हे म्हणायचे, या न्यायाने मी भाकरी सोडायला हवी, रोज तिच्यावर चिडते. जनूभाऊंना विनोद कळायचा नाही. ते विचारात पडायचे आणि दुसऱ्या दिवशी येऊन सांगायचे, भाकरीचं निराळं हाय.

त्यांची मुलगी लहान होती तेव्हा एका ठेकेदाराबरोबर ते नवी मुंबईत परांचीवर काम करायला गेले. उंचीची भीती नसलेला माणूस, म्हणून दुसऱ्या ठेकेदाराने उचलला आणि थेट मलेशियाला न्यायचं ठरवलं. जायच्या आधी ते शाळेत आले. वर्गाबाहेर चपला काढल्या आणि मला म्हणाले, बाई, तो देश दाखवा. मी भिंतीवरच्या नकाशात क्वालालंपूर दाखवलं. त्यांनी दिवेआगरपासून तिथपर्यंत हात ताणला. एक वीत आणि वर दोन बोटं भरली. "मंग काय लांब न्हाय," म्हणाले आणि गेले. नऊ वर्षं आले नाहीत, मधली दोन लग्नं आणि एक मयत सोडली तर.

परत आले तेव्हा ते सळ्या बांधणारे कारागीर झाले होते, पण मापं पोफळीचीच. त्यांची शेवटची इमारत किती उंच, असं कुणी विचारलं की म्हणायचे, एकावर एक नऊ पोफळी. त्या शहराचं वर्णनही तसंच. पहिल्या वर्षी वरून मशिदीचा घुमट दिसायचा आणि पलीकडे झाडी. दुसऱ्या वर्षी घुमट दिसेना. घुमट होता तिथेच होता, मधे एक इमारत आली होती. मग त्या इमारतीच्या खांद्यावरून दुसरी डोकवायला लागली. ते एक मजला चढवायचे तोवर शेजारचे दोन चढवून मोकळे व्हायचे. जिकडे बघावं तिकडे क्रेन. सकाळी उठून दिशा ओळखायची तर सूर्य कुठे आहे ते बघावं लागायचं, खुणेची इमारत काल होती तशी आज दिसेलच याचा भरवसा नाही.

एकदा त्यांनी मला सांगितलं की उंच इमारत वाऱ्याने हलते. मी शिक्षिकी सुरात हसले. तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "पोफळीगत हलते, बाई. हलते म्हनून उभी ऱ्हाते." पुढे मी पुस्तक काढून पाहिलं तर त्यांचंच बरोबर निघालं. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. काही दुरुस्त्या मी अशा सोयीस्कर विसरते.

त्यांच्याजवळ एक प्लास्टिकमध्ये घातलेला फोटो होता. त्यात बऱ्याच इमारती होत्या आणि एकीवर बोट ठेवून ते म्हणायचे, ही आमची. आमच्याकडे पर्यटक उतरतात. त्यातलं कुणी मलेशियाला जाऊन आलेलं असलं की जनूभाऊ त्यांच्या मोबाइलमध्ये आपली इमारत शोधायचे. सापडायची नाही. तिच्या पुढे, मागे, बाजूला इतक्या उंच इमारती उठल्या होत्या की ते गोंधळून जायचे. एकदा एकीवर बोट ठेवलं, पुढच्या महिन्यात दुसरीवर. गावातले लोक म्हणायला लागले, जनूभाऊंची इमारत चालती आहे, आज इथे तर उद्या तिथे. ते ऐकून घ्यायचे. तेव्हा मीही हसले होते.

आणखी एक सवय होती, ती मला फार वर्षं कळली नाही. टीव्हीवर भूकंपाची बातमी आली की ते आमच्या ओसरीवर हजर. "तिकडं काय हललं का, बाई?" मी सांगायची, अहो हे सुमात्रात आहे, तो वेगळा देश, मधे समुद्र आहे. ते मान हलवायचे आणि पुन्हा विचारायचे, पण तिकडं? शेवटी मी वैतागून विचारलं की तुमचं कोण आहे तिकडे. "मान्सं हायत ना," एवढंच म्हणाले. मला वाटलं, माणूस भाबडा आहे.

मग किनाऱ्यावर ते मोठं चक्रीवादळ आलं. आमच्या वाडीतल्या निम्म्याहून जास्त पोफळी एका दुपारी गेल्या. दुसऱ्या दिवशी जनूभाऊ आले, आडव्या पडलेल्या झाडांमधून फिरले, काहींच्या बुंध्याला हात लावला. मी रडत होते. त्यांनी मला समजावलं नाही, कोयता घेऊन वाट मोकळी करायला लागले. त्यानंतर ते थकले. चढणं कमी झालं. नवीन रोपं लावायला मात्र रोज यायचे.

माझी भाची मीनल क्वालालंपूरला नोकरी करते. ती मला म्हणाली, आत्या, जन्मभर नकाशा दाखवलास, आता एकदा ये. माझं तिकीट झाल्याचं कळलं तशी तिसऱ्या दिवशी सकाळी जनूभाऊ रुमाल घेऊन आले. रुमालात आमच्याकडच्या रोठा जातीच्या चार सुपाऱ्या होत्या, सोललेल्या, निवडून काढलेल्या. ओसरीवर बसले आणि बराच वेळ नुसते रुमालाची टोकं ओढत राहिले. मग जे सांगितलं ते त्यांनी बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं.

आपल्याकडे घराच्या पायात सुपारी ठेवतात. जनूभाऊ निघाले तेव्हा आईने त्यांना थैलीभर सुपारी दिली होती. त्या शेवटच्या इमारतीच्या पायापासून ते कामावर होते, आणि प्रत्येक मजल्याच्या एका खांबात, काँक्रीट ओतायच्या आधी, सळ्यांच्या तळाशी त्यांनी एक सुपारी ठेवली. पायात एकदा ठेवून भागत नाही का, असं मी विचारलं. ते म्हणाले, वरच्या माणसाच्या पायाखाली खालच्याचं छप्पर असतं, त्याची जमीन तीच, मग त्याच्या जमिनीत नको का? खांबात असं काही टाकणं साफ मना होतं, पकडले गेले असते तर काम गेलं असतं. म्हणून कुणाला पत्ता नाही. एका सेल्वमला सोडून.

सेल्वम तमिळ, मदुराईकडचा. शेजारच्या बाकावर झोपायचा. दोघे कामापुरती हिंदी, थोडी मलय आणि बाकी हातवारे यांवर बोलायचे. सेल्वमचं तोंड सदा पानाने रंगलेलं. जनूभाऊंना मोठा ताप आला, महिनाभर पडून होते, तेव्हा सेल्वम त्यांना पेज भरवायचा, अंग पुसायचा. तापातही यांना एकच घोर होता. मजले चढताहेत आणि सुपारी कोण ठेवणार? म्हणून थैली सेल्वमकडे दिली. बरे झाल्यावर सेल्वमने चार बोटं दाखवली. चार मजले झाले, चार ठेवल्या. जनूभाऊंनी कमरेच्या दोऱ्याला चार गाठी मारल्या, त्यांची गणती गाठींवर चालायची. इमारत पुरी झाली तेव्हा दोऱ्यात चौतीस गाठी होत्या.

शेवटच्या आठवड्यात त्यांना काचा पुसायला नव्या लिफ्टने वर नेलं. सगळ्यात वरच्या बटणावर आकडा होता अडतीस.

"चार माळे कमी पडले, बाई," जनूभाऊ म्हणाले. "मी पडलेला असताना आठ चढले आनि त्यानं चार सांगितले. बाकीच्या खाल्ल्या."

त्या संध्याकाळी सगळ्या कामगारांसमोर ते सेल्वमपुढे उभे राहिले आणि त्याला म्हणाले, तोंड उघड. सेल्वमने उघडलं. लालच होतं, ते रोजच लाल असायचं. जनूभाऊंनी सगळ्यांना ते दाखवलं. सेल्वम काहीतरी बोलला, त्याच्या भाषेत, यांना समजलं नाही. तो पुन्हा चार बोटं दाखवत राहिला. आठवड्याने दोघं दोन दिशांना गेले. नंतर कधी भेट नाही, पत्र नाही, पत्ताही नाही.

आता ओसरीवर बसून ते मला सांगत होते की त्या चार मजल्यांवर माणसं राबतात, त्यांच्या खाली काहीच नाही, आणि कुठले चार ते त्यांना माहीत नाही. ताप आला तेव्हा वीसेक मजले झाले होते, तुम्ही जाल, तर विसाव्याच्या पुढे कुठेतरी या चार ठेवा. कुंडीत ठेवा, कोपऱ्यात ठेवा, तेवढीच माझी झोप. मी भूगोलाची शिक्षिका, शकुन-अपशकुनावर मुलांना लेक्चर देणारी. पण मी तो रुमाल पर्समध्ये ठेवला.

तिकडे पोचले त्याच दिवशी गोष्ट उलगडली, आणि तीही किती साधेपणाने. मीनलच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये तीननंतर पाच होतं. चष्मा पुसून पाहिलं, तेरानंतर पंधरा. मी मीनलला विचारलं, चौथा मजला कुठे गेला? ती म्हणाली, आत्या, इथे चिनी लोक खूप आहेत, ते चार आकडा अशुभ मानतात, म्हणून कितीतरी इमारतींत चार, चौदा, चोवीस हे मजलेच देत नाहीत, आकडा गाळून पुढे जातात. ती सहज बोलली आणि चावी शोधायला लागली. मी लिफ्टच्या दारात पाय अडकवून उभी. चार, चौदा, चोवीस, चौतीस. अडतीसातून चार गेले की चौतीस उरतात, हे पहिलीतलं पोर सांगेल.

तरी मला खात्री करायची होती. दोन दिवस आम्ही जनूभाऊंनी रुमालासोबत दिलेला तो फोटो घेऊन फिरलो. जगातल्या सगळ्यात उंच इमारतींतली एक आता तिथे आहे, तिच्याकडे बघताना माझी मान दुखली, आणि तिच्या आजूबाजूच्या ज्या इमारती मी आमच्या गावात उभ्या केल्या असत्या तर तालुका बघायला आला असता, त्यांच्याकडे तिथे कुणी मान वर करूनही बघत नव्हतं. जनूभाऊंची इमारत अशाच दोन उंच इमारतींच्या मधे सापडली. फोटोतल्या खिडक्यांची ठेवण जुळली म्हणून, नाहीतर मीही दुसरीवरच बोट ठेवलं असतं. खाली कार्यालयांची नावं लिहिलेली होती. म्हातारा मलय पहारेकरी आम्हाला अडवायला आला. मीनलने काहीतरी सांगितलं आणि मी रुमाल उघडला. त्याचा चेहरा बदलला. "पिनांग," त्याने सुपारीचं मलय नाव घेतलं आणि एक सुपारी बोटात धरून पाहिली. त्यांच्याकडेही मुलगी मागायला जाताना ही लागते, मीनलने मला सांगितलं. त्याने स्वतः आम्हाला लिफ्टपर्यंत नेलं.

तिथेही तेच. तीन, पाच. तेरा, पंधरा. तेवीस, पंचवीस. तेहतीस, पस्तीस. सगळ्यात वर अडतीस. नंबर इमारत पुरी झाल्यावर मालकाने लावले असणार, बांधणाऱ्यांना कोण सांगतो. मी हातात चार सुपाऱ्या घेऊन त्या लिफ्टमध्ये उभी होते आणि ठेवायला मजला नव्हता. मला हसू आलं, मग नाही आलं. पहारेकऱ्याला काय झालं ते समजेना, त्याने मला पाणी आणून दिलं. सुपाऱ्या तशाच घेऊन मी परत आले.

विमानात मी ठरवलं होतं की सांगायचं नाही. ठेवल्या म्हणायचं, कुंडीत, विसाव्या मजल्यापुढे, सगळं बरं आहे म्हणायचं. त्यांना झोप लागली असती. पण दुसऱ्या दिवशी ते आले, ओसरीवर उकिडवे बसले, आणि माझ्यातली शिक्षिका जागी झाली. खोटं उत्तर बरोबर म्हणून खपवायचं मला जमलं नाही. शिवाय, खरं सांगते, मला आनंद झाला होता. एवढ्या वर्षांचा घोर फुकट होता, सगळे मजले सुरक्षित आहेत, हे सांगायला मी उतावीळ होते. सेल्वमचा विचार मी केलाच नव्हता.

त्यांना पटेना. मजला नसतो असं कसं, माणूस तिसऱ्यावरून पाचव्यावर उडी मारतो काय? मी एका जुन्या वहीच्या पानावर एकपासून अडतीसपर्यंत आकडे लिहिले आणि चारचे चार खोडले. ते बोट ठेवून मोजत गेले. चौतीस. पुन्हा मोजले. आत जाऊन मी चहा आणला तरी बोट कागदावरच.

"म्हंजे मी आजारी व्हतो तवा चारच चढले."

मी हो म्हणाले.

"त्यानं चार ठेवल्या."

"हो."

"खाल्ल्या न्हाईत."

तेव्हा मला कळलं मी काय सांगून बसले आहे. मी घाईने म्हणाले की जनूभाऊ, बघा, म्हणजे सगळ्यांच्या खाली सुपारी आहे, कुणी उघडं नाही. त्यांनी ऐकलं नसावं. "मंग येवढी वरसं मी ज्येंची काळजी केली ती मान्सं कोन?" असं काहीतरी पुटपुटले. चार सुपाऱ्या रुमालात बांधल्या, कागद घडी करून खिशात ठेवला आणि अनवाणी निघून गेले. चपला आमच्या पायरीवर राहिल्या.

त्यानंतर ते महिनाभर वाडीत आले नाहीत, मग एके दिवशी मीनलला फोन लावा म्हणून आले. तिने तिकडून मोबाइलवर सेल्वम नावाची माणसं शोधली. ती इतकी निघाली की मोजता येईनात. वाढदिवसातले, लग्नातले, मोटारीपुढे उभे राहिलेले. जनूभाऊ माझा चष्मा लावून एकेक तोंड बघायचे. आता तो म्हातारा झाला असेल, केस गेले असतील, मी म्हणाले. ते म्हणाले, दात बघायला पायजेल. पण फोटोत सगळे तोंड मिटून हसत होते. चार-पाच दिवस आम्ही हे केलं. मग त्यांनी चष्मा काढून ठेवला.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते गौरी-गणपतीच्या आधी. येऊन-जाऊनही त्यांनी न नेलेल्या चपला द्यायचं निमित्त करून मी त्यांच्या घरी गेले होते. पडवीत ते एकटेच बसले होते. समोर पितळी तबक, पानं, चुन्याची डबी, अडकित्ता, आणि रुमालावर सुपाऱ्या. चारांतली एकच उरली होती. मला बसा म्हणाले नाहीत. अडकित्त्याने ती शेवटची फोडली, सवय नसल्यामुळे खांडं ओबडधोबड झाली, आणि पानात गुंडाळून तोंडात टाकली. चावताना डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. चुना जास्त झाला असेल. मी विचारलं, जनूभाऊ, हे काय आरंभलंत या वयात?

"खाल्ल्या म्हनून चार मान्सांत सांगितलं व्हतं मी," ते म्हणाले. "कुनीतरी खायाला पायजेल ना, बाई."

त्यांनी बराच वेळ चावलं. मग खिडकीच्या उजेडाकडे तोंड केलं, माझ्याकडे वळले आणि आ केला.

"बघा. लाल झालं का?"

मी वाकून पाहिलं. झालं होतं. मी तसं सांगितलं आणि त्यांच्या चपला दाराशी जोडून ठेवल्या.